ओहोटीतली हाक

वैजयंतीबाईंनी संसारात नवऱ्याचं तोंड कमी पाहिलं, पाठ जास्त पाहिली.

घरातून निघायचं, की शांताराम जगदाळे पुढं आणि त्या मागं. भाजीला, बसथांब्याला, मंडळाच्या गणपतीला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयताला, क्रम हाच. मान ताठ, हात पाठीशी बांधलेले, पाऊल लांब. मागं बायको आहे हे शांतारामरावांनी लग्नाच्या दिवशी एकदा नीट पाहून ठेवलं होतं. रोज रोज काय पाहायचं? तिला काही लागलं तर ती "अहो" म्हणेल. ती "अहो" म्हणाली, की ते जागच्या जागी थांबत. बैलाचा कासरा धन्याच्या हातात असतो. या जोडप्यात तो त्या एका शब्दात होता.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात राहत होते तेव्हाची गोष्ट. बाजारात फुटपाथवर स्वेटरांचा ढीग पडला होता. वैजयंतीबाई अमोलच्या मापाचा एक शोधायला वाकल्या आणि हाक मारायची राहून गेली. शांतारामराव गर्दी कापत घरी पोचले, दारापुढं उभे राहिले आणि न वळता हात मागं केला. "चावी."

हातात कुणी काही ठेवलं नाही. मग ते जिन्यात बसून राहिले. बाई आल्या तेव्हा म्हणाले, "कुठं राहिलीस?"

"मागं."

एवढंच बोलणं झालं. पुढं हा किस्सा शांतारामराव पाहुण्यांना हसत हसत सांगत, आणि बाईही हसत.

नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडात घेतलं नाही. त्या सीना नदीकाठच्या. त्यांच्या आईनं, आजीनं जे केलं नाही ते त्यांना दिल्लीत येऊनही करवलं नाही. नाव घ्यायचं ते उखाण्यात, गाण्याच्या पदराआडून. लग्नात त्यांनी घेतलं होतं:

सीनेकाठी देऊळ, देवळात राम,
कुंकवाच्या धन्याचं नाव शांताराम.

त्यानंतर नाव पेटीत ठेवावं तसं मिटून ठेवलं. क्वार्टर मिळायच्या आधी ते मलकागंजला भाड्याच्या खोलीत राहत. एका सकाळी शांतारामरावांच्या पोटात असं दुखलं, की शेजाऱ्यांनी उचलून हिंदूराव हॉस्पिटलात नेलं. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंट का नाम?" वैजयंतीबाईंचं तोंड उघडेना. मागं रांग वाढत होती, कुणीतरी "जल्दी करो बहनजी" म्हणत होतं, आणि बाकावर नवरा पोट धरून वाकडा झाला होता. शेवटी त्यांनी कडेवरच्या अमोलला पुढं केलं. "सांग बाळा, बाबांचं नाव सांग." पोरानं खणखणीत सांगितलं. त्या दिवशी निभावलं. पण कधीकधी भाकरी थापताना त्यांचा हात मध्येच थांबायचा. कडेवर पोर नसतं तर?

पोर मोठं झालं. नोएडात काचेच्या इमारती उगवल्या, त्यातल्या एकीत अमोल कामाला लागला. शांतारामराव मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून दोघं नोएडाच्या नव्या फ्लॅटात राहायला आली. बाहेर मेट्रोचे खांब नुकते उभे राहत होते, रस्ता रोज नव्या जागी खणलेला असे. त्या खणलेल्या रस्त्यावरही शांतारामराव पुढं आणि बाई मागं.

अमोलनं एक दिवस जाहीर केलं, "आईबाबा, तुम्ही आफ्रिकेला जाताय. दिल्लीच्या मराठी लोकांचा ग्रुप आहे. आधी जंगल, मग समुद्र. बुकिंग झालंय, आता नाही म्हणायचं नाही."

"समुद्र कशाला रे?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला पाण्याची भीती वाटते."

"अगं, पाण्यात कोण जा म्हणतंय? काठावर बस, नारळपाणी पी. एकदम रिलॅक्स."

इंजेक्शनं टोचून घेतली, चिवड्याचे आणि दशम्यांचे डबे भरले आणि मंडळी निघाली. सगळी जोडपी निवृत्त, सगळी सरकारी. बरोबर सुधन्वा नावाचा टूर मॅनेजर, पुण्याचा, उत्साही.

नैरोबीच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी पहिला घोळ झाला. कुणा बाईनं हाक मारली, "अहो, ती निळी आपली!" आणि ग्रुपमधले झाडून सगळे पुरुष वळले. शांतारामरावही वळले. हशा पिकला. सुधन्वा म्हणाला, "काकू लोक, एक रिक्वेस्ट आहे. इथं नावानं हाक मारा ना. जंगलात गोंधळ नको."

"इश्श!" कौशल्याबाई म्हणाल्या. "या वयात?"

कौशल्याबाईंचे यजमान भाऊसाहेब, रेल्वेतले. मस्करीचा माणूस. त्यांनी शांतारामरावांना हेरलं. हा गृहस्थ चालता चालता "अहो" ऐकलं की कवायतीतल्या शिपायासारखा थबकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग जिथं तिथं ते मागून बारीक आवाज काढत, "अहो, ऐकलंत का?" शांतारामराव थांबून वळत आणि मागं मिशीवाले भाऊसाहेब. कधी सरळच ओरडत, "जगदाळे, वहिनी बोलावतायत!" आणि वहिनी तर खोलीत असायच्या. सगळी मंडळी पोट धरून हसायची.

ज्यानं जन्मभर फायली तपासल्या त्याला हसण्यावारी गेलेलं कसं खपावं? हॉटेलच्या जेवणघरात शांतारामरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बस्स. यापुढं मी कुणाच्याही अहोला वळणार नाही."

"बिल्कुल बरोबर!" भाऊसाहेब टेबलावर थाप मारून म्हणाले.

वैजयंतीबाईंनी उचललेला घास खाली ठेवला. हातातला कासरा कुणीतरी कापल्यासारखं त्यांना वाटलं. पण चार माणसांत त्या काय बोलणार?

मसाईमाराच्या गवतात दुसऱ्याच दुपारी त्याची प्रचीती आली. डबे उघडायला गाडी एका झाडाखाली थांबली होती. ड्रायव्हर म्वांगी यानं बजावलं होतं, झाडाच्या सावलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. सगळे दशम्या खात होते. समोर झेब्र्यांचा कळप चरत होता, आणि शांतारामराव हात पाठीशी बांधून, नोएडाच्या पार्कात निघावं तसे, त्याच्याकडं चालू लागले.

वैजयंतीबाईंना गवतात एक काळा खडक दिसला. खडकाचा कान हलला.

"अहो!" त्या ओरडल्या. "अहो, थांबा!"

झाडाखालचे चार पुरुष वळले. शांतारामराव चालतच राहिले.

म्वांगी धावला. त्यानं शांतारामरावांना दंडाला धरून फरफटत गाडीत आणून कोंबलं, तोवर तो खडक उठून उभा राहिला होता. रानरेडा. कपाळावर शिंगांचं जाड जू, नजर लाल. त्यानं गाडीकडं बराच वेळ पाहिलं. आत कुणी श्वास मोठ्यानं घेईना. मग तो मान फिरवून निघून गेला.

संध्याकाळी तंबूबाहेरच्या खुर्च्यांवर दोघंच होते. बाई म्हणाल्या, "मी हाक मारली."

"मला काय माहीत तू मारलीस? तो भाऊसाहेब असेल म्हटलं."

"माझा आवाज ओळखू येत नाही?"

शांतारामराव चहा ढवळत होते. ते म्हणाले, "सगळ्या बायकांचं अहो सारखंच."

बोलताना त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण शब्द बाभळीच्या काट्यासारखा असतो, टोचणाऱ्याला ठाऊक नसतो. वैजयंतीबाई तो काटा घेऊन विमानात बसल्या, आणि तो घेऊनच झांझिबारच्या बेटावर उतरल्या.

बेटाच्या उगवतीच्या अंगाला हॉटेल होतं, झावळ्यांनी शाकारलेलं. पिठासारखी पांढरी वाळू. सकाळी बघावं तर समुद्र जागेवर नाही! ओहोटीनं तो दूर, आकाशाच्या कडेला जाऊन बसला होता. मध्ये नुसती ओली जमीन, जागोजागी पाण्याची डबकी, आणि खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांच्या ओळी. तिथल्या बाया त्या दोऱ्यांवर समुद्रातलं शेवाळ पिकवतात. रंगीत कपडे कमरेला खोचून त्या ओणव्या काम करत होत्या. भांगलणीला बसलेल्या बायांची रांगच जणू. वैजयंतीबाईंना आल्यापासून पहिल्यांदा आपल्या मुलखाची आठवण झाली.

सुधन्वा बऱ्याच मंडळींना घेऊन रानातली लाल माकडं दाखवायला गेला होता. जाताना सांगून गेला होता, "वाळूवर फिरा, फार लांब नको." हॉटेलच्या छपराखाली भाऊसाहेब, कौशल्याबाई आणि आणखी दोन जोडपी पत्ते खेळत होती.

शांतारामराव उठले. "चल, समुद्र कुठं गेला ते बघून येऊ." आणि चालू लागले.

बाई मागून निघाल्या. काठाजवळ जमिनीला एक रुंद खोलगट पट्टा होता, घोट्याएवढं पाणी असलेला. तो दोघांनी ओलांडला. शेवाळाच्या ओळी आल्या. आणि तिथं, एका खुंटीजवळ, वैजयंतीबाई थांबल्या.

पाय दुखला म्हणून नव्हे. त्या मुद्दाम थांबल्या. काटा आत सलत होता. बघू तरी, कधी मागं बघतात ते. बघतात की नाही ते.

पाठ लांब लांब गेली. पांढरा सदरा, पाठीशी बांधलेले हात. वळणं नाही, थांबणं नाही. बाईंचे डोळे भरून आले. त्या उलट फिरल्या, पट्टा ओलांडून कोरड्या वाळूत येऊन बसल्या आणि समुद्राकडं पाठ केली. जा म्हणावं. दारापाशी हात मागं कराल तेव्हा कळेल.

असा किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. शेजारून कुणीतरी गेलं म्हणून त्यांनी मान वर केली. शेवाळाचं पोतं डोक्यावर घेतलेली एक बाई गावाकडं निघाली होती. तिच्या मागं दुसरी. पाहता पाहता ओळीच्या ओळी उठू लागल्या. कुणी धावत नव्हतं, पण रेंगाळतही नव्हतं.

वैजयंतीबाईंना सीना आठवली. सीनेच्या वाळूत उन्हाळ्यात कलिंगडाच्या वाड्या असत. वर आभाळ निरभ्र असायचं, आणि एकाएकी वाडीतली माणसं काही न बोलता काठाला लागायची. मग जो मागं राहिला तो राहिला. लांब कुठंतरी पडलेला पाऊस नदीत चोरपावलानं यायचा.

त्या उठून उभ्या राहिल्या. समुद्र लाटा घेऊन येत नव्हता. तो खालून भरत होता. काठाजवळचा तो रुंद पट्टा, मघाशी घोट्याएवढा, आता निळा झाला होता आणि त्यातलं पाणी एका बाजूनं दुसरीकडं सरकत होतं. त्याच्या पलीकडं, शेवाळाच्या ओळींच्याही पुढं, पांढरा सदरा समुद्राकडं तोंड करून उभा होता. पाणी पाठीमागून आपल्याला घेरतंय हे त्याला कुठलं कळायला? त्यासाठी मागं बघावं लागतं.

"अहो!"

छपराखालचे पुरुष वळले. "वहिनी, आम्ही सगळे इथंच आहोत हो!" भाऊसाहेब हसले. "कुणाचे अहो पाहिजेत?"

"भाऊसाहेब, हसू नका! पाणी येतंय! त्यांना बोलवा, तुमचा आवाज मोठा आहे!"

भाऊसाहेबांनी पाहिलं आणि त्यांच्या हातातले पत्ते वाळूत पडले. ते काठापर्यंत धावले. "जगदाळे! अरे ओ जगदाळे! मागं फिरा! वहिनी बोलावतायत!"

लांबवर शांतारामरावांनी एक हात वर केला. "कळलं, कळलं" म्हणावं तसा हलवला. वळले नाहीत.

"अरे यार, मस्करी नाही! खरंच बोलावतायत!" भाऊसाहेब ओरडले. तो हात पुन्हा हलला. रोज ओरडून ओरडून भाऊसाहेबांनी स्वतःचा आवाज खोटा करून ठेवला होता. "कौशल्ये, हॉटेलवाल्यांना बोलव! होडी आणायला सांग!" कौशल्याबाई पळाल्या. पण होड्या कोरड्या वाळूत कलंडून पडलेल्या. त्या ओढून आणायला वेळ लागणार होता.

वैजयंतीबाई पाण्यात शिरल्या. ज्यांना पाण्याची भीती, त्या साडी सुटेल की राहील न बघता पट्ट्याच्या कडेनं गुडघाभर पाण्यात गेल्या. पुढच्या पावलाला तळ खाली गेला. त्यांनी पाय मागं घेतला. इथून पुढं जाणं नव्हतं. आवाज तेवढा जाऊ शकत होता.

तोंड उघडलं. आणि ते हिंदूरावच्या खिडकीशी मिटलं होतं तसंच मिटलं. नाव घशाशी येऊन बसलं होतं, पण पिढ्यान्पिढ्यांच्या बायांचा हात त्यावर होता. कडेवर अमोल नव्हता. पाणी मांडीला लागलं. पलीकडं सदऱ्याखालची विजार भिजताना दिसत होती.

त्यांच्या ओठांना एकच वाट माहीत होती. त्या तीच चालल्या. पुटपुटू लागल्या, "सीनेकाठी देऊळ... देवळात राम... कुंकवाच्या धन्याचं नाव..."

आणि मग छाती फुटावी तशा ओरडल्या, "शांताराम!"

वारा क्षणभर पडला होता. पांढरा सदरा हलला.

"शांताराम! ए शांताराम! मागं बघ!"

त्याची आई गेल्यावर त्याला असं कुणी हाकारलं नव्हतं. ऑफिसात तो जगदाळे साब, घरात अहो, मंडळात जगदाळे. शांतारामराव वळले. आधी बायकोकडं पाहिलं, आणि मग त्या दोघांमधलं पाणी. त्यांचे पाठीशी बांधलेले हात सुटले.

ते सरळ तिच्याकडं यायला निघाले, पट्ट्याच्या ऐन मध्यावर.

"तिकडून नको! खोल आहे!" बाईंनी दोन्ही हात हलवले. शेवाळवाल्यांतली अखेरची बाई, वयस्क, डोक्यावर पोतं, उजव्या अंगानं लांब वळसा घालून येत होती. पाणी तिच्या कमरेला होतं, पण पाऊल ठाम होतं. "त्या बाईच्या मागं ये, शांताराम! तिच्या मागं! पुढं जाऊ नको!"

शांतारामराव त्या वयस्क बाईकडं वळले. मध्ये एकदा पाय घसरून ते छातीपर्यंत बुडाले. काठावर भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले. त्या बाईनं न बोलता आपला मोकळा हात मागं केला, आणि शांतारामरावांनी तो धरला. जन्मभर पुढं चाललेला माणूस एका अनोळखी बाईच्या पाठीवर नजर खिळवून, तिच्या पावलात पाऊल टाकत आला. तो थांबला, की वैजयंतीबाई नाव घेत. तो चालू लागला तरी घेत. आता त्यांना थांबता येत नव्हतं.

काठावर आल्यावर त्या बाईनं हात सोडवून घेतला, पोतं नीट केलं आणि शांतारामरावांना तिच्या भाषेत चांगलं खडसावलं. वैजयंतीबाईंनी हात जोडले. ती हसली, आणि गेली.

शांतारामरावांची एक चप्पल गेली होती. ते तसेच खोलीकडं चालू लागले. बाई मागून. सगळ्यांसमोर एकेरी हाक मारली, ती त्यांना लागली असेल का, हे त्या पाठीवरून कळेना.

दुपारी जेवायला मंडळी जमली. भाऊसाहेब आले, शांतारामरावांच्या पुढं उभे राहिले. "जगदाळे, माझ्यामुळं..."

"बसा. जेवा," शांतारामराव म्हणाले. त्या टेबलावर त्या दिवशी कुणी हसलं नाही.

उन्हं कलल्यावर दोघं खोलीच्या ओट्यावर बसले. समुद्र पायरीशी आला होता, जणू तो कधी कुठं गेलाच नव्हता.

"मला वाटलं, तू मागंच आहेस," शांतारामराव म्हणाले.

"नव्हते."

"कुठं राहिलीस?"

"थांबले होते. मुद्दाम. तुम्ही मागं बघता का ते बघायचं होतं. तुमचा जीव गेला असता, अमोलला मी काय तोंड दाखवलं असतं?"

शांतारामरावांनी पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "थांबलीस ते बरं झालं. मागं आली असतीस तर दोघंही गेलो असतो. हाक मारायला काठावर कुणी उरलं नसतं."

वैजयंतीबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांनी नावाबद्दल विचारलं नाही, आणि ते त्याबद्दल बोलले नाहीत. दिल्लीत उतरल्यावर नाव पुन्हा पेटीत गेलं. "अहो" परत आलं.

फक्त एक फरक पडला. आता नोएडाच्या सेक्टरात संध्याकाळी दोघं भाजीला निघतात. पुढं शांतारामराव, मागं बाई. पण चार पावलं गेली की ते मान वळवतात. विजेच्या खांबापाशी वळवतात, रसवंतीवाल्यापाशी वळवतात, मेट्रोसाठी खणलेल्या खड्ड्याच्या ऐन तोंडाशीही वळवतात.

आणि मागून वैजयंतीबाई ओरडतात, "अहो, पुढं बघा! पडाल!"